चंदनाचे सहा थेंब

माझ्या लहानपणी आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज असे तो सहाणेचा. स्नान आटोपून आई देवघरात बसे, सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकी आणि चंदनाचे खोड हळूहळू गोल फिरवू लागे. दगडावर लाकूड घासल्याचा तो मंद, एकसुरी आवाज ऐकत आम्ही भावंडे अंथरुणात पडून असू. थोड्याच वेळात सहाणेवर पिवळसर गंध जमे आणि त्याचा शीतल सुवास माजघर ओलांडून ओसरीपर्यंत येई. आईच्या लग्नात आलेले ते खोड प्रथम वीतभर लांब होते, असे ती सांगे. मी शिक्षक होऊन परगावी निघालो, तेव्हा ते अंगठ्याएवढे उरले होते. तीस वर्षे रोज उगाळूनही त्याचा वास उणावला नव्हता. उणावले होते ते केवळ लाकूड. 'चंदनासारखे झिजणे' हा वाक्प्रचार मी पुढे अनेक वर्षे वर्गात शिकवला. पण त्याचा अर्थ मला प्रथम कळला तो त्या अंगठ्याएवढ्या तुकड्याकडे पाहून.

सहाणेवरचे गंध ताजे असते तोवरच मोहक वाटते. वाळले की त्याचा सुवास मंदावतो. मग हा सुवास कुपीत साठवून ठेवता येईल काय? त्याला इतर वृक्षांच्या आणि मुळांच्या वासाची जोड देऊन एखादे अत्तर घरच्या घरी सिद्ध करता येईल काय? सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी हा उद्योग करून पाहिला. दोन वेळा फसलो, तिसऱ्या वेळी साधले. ती कृती मी पुढे सांगणार आहेच. परंतु चंदनाचा सुवास मुळात येतो कोठून, हे समजल्यावाचून ती कृती नीट कळणार नाही. म्हणून आरंभ झाडापासूनच करू.

चंदनाचे झाड दिसायला अगदी साधे. त्याची पाने लहान, फुले बारीक व तांबूस, फळे जांभळट काळी. पानाफुलांत चंदनाचा वास नसतो. एवढेच नव्हे, तर कोवळ्या झाडाच्या लाकडातही तो नसतो. खोडाच्या बाहेरचा पांढरा भाग निर्गंधच असतो. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले, म्हणजे खोडाच्या आत पिवळसर तपकिरी गाभा धरू लागतो आणि त्या गाभ्यात तेल साठू लागते. हा गाभा चांगला भरण्यास तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जावा लागतो. मुळांत तर तेल सर्वांत जास्त असते. म्हणून चंदनाचे झाड केवळ तोडत नाहीत, ते मुळासकट उपटून काढतात. एक वृक्ष काढला, की त्या जागी बुंधाही शिल्लक राहत नाही. नावाच्या साम्यामुळे पुष्कळांना रक्तचंदनही सुगंधी वाटते. परंतु ते निराळ्याच कुळातील झाड असून त्याच्या लाल लाकडाला हा सुवास नसतो.

चंदनाच्या झाडाची आणखी एक गोष्ट नवलाची आहे. ते पूर्णपणे स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. हिरव्या पानांच्या योगे ते आपले अन्न तयार करते खरे. परंतु जमिनीतील पाणी आणि क्षार मिळवण्यासाठी त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांतून रस शोषून घेतात. अशा वनस्पतीला अर्धपरोपजीवी म्हणतात. तूर, करंज, सुरू, शिरीष अशी अनेक झाडे चंदनाला हा आधार देतात. ज्याच्या सुवासाची आपण एवढी थोरवी गातो, तो वृक्ष असा शेजाऱ्यांच्या आश्रयाने लहानाचा मोठा होत असतो.

आता या गाभ्यातील तेल बाहेर कसे काढतात ते पाहू. लाकूड कठीण असते आणि तेल त्याच्या कणाकणांत दडलेले असते. म्हणून प्रथम गाभ्याचे बारीक तुकडे करून त्यांची भुकटी करतात. ती मोठ्या पात्रात भरून तिच्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण वर येतात. ती वाफ थंड केली, की पाणी आणि तेल वेगवेगळे होतात. फुलांचा अर्क काही तासांत निघतो. चंदनाचे तसे नाही. त्याच्या भुकटीतून वाफ दोन-तीन दिवसही सोडावी लागते. एवढे करून शंभर किलो चांगल्या गाभ्यातून निघणारे तेल असते साधारणपणे चार-पाच किलो. ते फिकट पिवळे व दाट असते, आणि कुपीतून थेंब सुटताना मधासारखे रेंगाळते.

भारतात हे तेल मोठ्या प्रमाणावर काढण्याचा मान मैसूरकडे जातो. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले, आणि तेव्हापासून त्या प्रदेशात हे झाड सरकारच्या मालकीचे मानले जाऊ लागले. पुढे मैसूरचे चंदन जहाजांत भरून युरोपात, विशेषतः जर्मनीत जाई. तेथे त्याचे तेल निघे आणि अधिक किमतीने जगभर विकले जाई. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हा व्यापार थांबला. लाकडाचे ढीग पडून राहिले. त्या वेळी मैसूरचे महाराज कृष्णराज वडियार आणि त्यांचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तेल आपल्याच देशात काढण्याचे ठरवले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोग केले, आणि १९१६ मध्ये मैसूर येथे चंदनतेलाचा सरकारी कारखाना उभा राहिला. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले अभियंता. खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला आधीपासूनच परिचित होते. कच्चा माल परदेशी पाठवून पक्का माल विकत घेण्याची रीत चंदनापुरती तरी त्यांनी मोडली.

चंदनाच्या तेलाचा एक गुण मात्र मैसूरच्या कारखान्याहून कितीतरी आधी आपल्या अत्तरकारांना ठाऊक होता. तो गुण म्हणजे दुसऱ्याचा सुवास धरून ठेवणे. उत्तर प्रदेशातील कन्नौज हे गाव अत्तरासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तेथे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे 'देगे'त, गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या फुलांबरोबर पाणी घालून झाकण माती व कापूस लावून घट्ट बंद करतात. खाली लाकडाचा व शेणीचा मंद जाळ असतो. देगेतून बांबूची एक नळी निघते आणि शेजारच्या हौदात, थंड पाण्यात ठेवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या पात्रात उतरते. या पात्राला 'भपका' म्हणतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांचा सुवास वाफेवर बसून येतो आणि त्या तेलात मुरतो. पाणी काढून टाकतात, तेल ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या फुलांची वाफ पुन्हा त्याच तेलात सोडतात. असे कित्येक दिवस चालते. भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाच्या वासाचे अत्तरही तेथे याच रीतीने तयार होते. आता चंदनाचे तेल दुर्मीळ व महाग झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी दुसरे स्वस्त निर्गंध द्रव्य वापरतात. परंतु जुने जाणकार अत्तर म्हणतात ते चंदनाच्या पायावर उभारलेल्यालाच.

चंदनाला ही शक्ती कशामुळे येते? वास येणे म्हणजे त्या पदार्थाचे अणुगट हवेत उडून आपल्या नाकापर्यंत पोचणे. हलके अणुगट चटकन उडतात, जड अणुगट सावकाश उडतात. संत्र्याच्या सालीतील मुख्य सुगंधी द्रव्य लिमोनीन. त्याच्या अणुगटात दहा कार्बन अणू असतात आणि ते १७६ अंश सेल्सिअसला उकळते. चंदनातील मुख्य द्रव्य सँटॅलॉल; त्याच्या अणुगटात कार्बनचे पंधरा अणू असून ते उकळण्यास ३०० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणूनच संत्र्याची साल पिळताच वास खोलीभर उसळतो आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो. चंदनाचा वास आरंभी जेमतेम जाणवतो, पण दुसऱ्या दिवशीही रेंगाळत असतो. हे दाट तेल हलक्या द्रव्यांत मिसळले, म्हणजे तीही काहीशी सावकाश उडू लागतात. मैफिलीत गवयाच्या मागे तंबोरा असतो; त्याच्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही, पण तो थांबला की गाणे पोरके होते. अत्तरात चंदनाचे काम तंबोऱ्याचे आहे.

अनेक सुगंध एकत्र करण्याच्या या विद्येला आपल्याकडे 'गंधयुक्ती' असे सुंदर नाव आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार निवडायची झाल्यास किती प्रकारे निवडता येतील, याचा हिशेब त्याने तेथे दिला आहे. उत्तर आहे १८२०. सुगंधाच्या निमित्ताने त्याने केलेला हा हिशेब आज तुम्ही गणितात वरच्या इयत्तांत शिकाल. आपल्याला एवढी मोठी उलाढाल करायची नाही. चंदन धरून सहा द्रव्ये आपल्याला पुरेत.

ही सहा द्रव्ये अशी. पहिले अर्थातच चंदनाचे तेल. दुसरे देवदाराचे. देवदार हा हिमालयातील उंच वृक्ष. आपल्याकडे त्याचे नाव ऐकू येते ते 'देवदारी खोके' या शब्दात. त्याच्या तेलाला ताज्या रंधलेल्या लाकडासारखा कोरडा, स्वच्छ वास असतो. तिसरे वाळ्याचे. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, तिचाच हा दाट, थंड, मातकट सुवास. चौथे नागरमोथ्याचे. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतोच. त्याच्या गाठींचे तेल धुरकट व उग्र असते आणि ते फार जपून वापरावे लागते. पाचवे रोशा गवताचे. हे गवत आपल्या खानदेशच्या डोंगरांत उगवते. त्याच्या तेलाला गुलाबाशी जुळणारा वास असल्यामुळे पूर्वी ते मुंबई बंदरातून तुर्कस्थानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. सहावे संत्र्याच्या सालीचे, ज्याचा उल्लेख वर आलाच आहे. पहिली चार लाकडाची व मुळांची, पाचवे गवताचे, सहावे फळाचे. म्हणजे झाडाच्या मुळापासून फळापर्यंतचा सारा प्रवास या कुपीत येतो.

आता माझ्या फसलेल्या प्रयोगांविषयी. पहिल्या खेपेस मी संत्र्याच्या तेलाचे सहा थेंब घातले. कुपी उघडताच घर घमघमले आणि मी मनोमन स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो कागदावर घेतलेल्या थेंबात संत्रे औषधालाही उरले नव्हते. दुसऱ्या खेपेस, वास टिकावा म्हणून, मी नागरमोथ्याचे चार थेंब घातले. वास टिकला, इतका टिकला, की चंदन त्याखाली पार दडपून गेले आणि माझ्या रुमालाला जुन्या कोठीचा वास येऊ लागला. पहिल्या वेळी मी उडून जाणाऱ्यावर भिस्त ठेवली होती, दुसऱ्या वेळी दडपणाऱ्यावर. आणखी एक चूक दोन्ही वेळा सारखीच होती. थेंब मिसळले त्याच दिवशी मी अत्तराची परीक्षा घेतली होती. विद्यार्थ्यांना निकालाची घाई करू नका असे सांगणाऱ्या माणसाने तरी हे करावयास नको होते.

तिसऱ्या खेपेस जे प्रमाण साधले, ते असे: चंदनाचे सहा थेंब, देवदाराचे दोन, आणि वाळा, नागरमोथा, रोशा व संत्रे यांचा प्रत्येकी एक. एकूण बारा थेंब, आणि त्यांत निम्मे चंदन. हे थेंब मिसळण्यासाठी दहा मिलिलीटरची, गडद तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची एक कुपी घ्यावी. प्रकाश आणि हवा ही दोन्ही सुगंधाची शत्रू आहेत, म्हणून गडद काच व घट्ट झाकण हवे. प्रत्येक तेलासाठी निराळी, पण एकाच मापाची थेंबनळी वापरावी. दाट तेलाचा आणि पातळ तेलाचा थेंब सारख्या वजनाचा नसतो. म्हणून धंदेवाईक अत्तरकार थेंब मोजत नाहीत, वजन करतात. घरच्या कामास थेंब चालतात. मात्र दाट तेलाचा थेंब आपणहून सुटेपर्यंत थांबावे, नळी झटकू नये. कुपीत प्रथम चंदन घालावे, मग अनुक्रमे वाळा, नागरमोथा, देवदार, रोशा, आणि शेवटी संत्रे. प्रत्येक थेंबानंतर कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूच फिरवावी, आणि काय घातले ते वहीत लिहून ठेवावे. न लिहिलेले अत्तर पुन्हा कधीच साधत नाही.

यानंतर झाकण लावून कुपी कपाटात आठ दिवस तशीच ठेवावी. या अवधीत निरनिराळे वास एकमेकांत मुरतात. आरंभी नाकाला सहा वास वेगवेगळे ओळखू येतात. आठ दिवसांनी त्यांचे टोकदारपण जाऊन एकच वास जाणवू लागतो. लोणचे घातल्या दिवशी कैरी, मोहरी आणि मीठ निरनिराळे लागतात, मुरल्यावर ते लोणचे होते; तसेच हे आहे. मग कुपीत जोजोबाचे निर्गंध तेल गळ्यापर्यंत भरावे. हे तेल बदामाच्या किंवा तिळाच्या तेलासारखे लवकर खवट होत नाही, म्हणून ते या कामास उत्तम. भरल्यावर आणखी तीन आठवडे थांबावे.

परीक्षेची रीतही सांगतो. टिपकागदाची बोटभर रुंद पट्टी घेऊन तिच्या टोकावर एक थेंब घ्यावा आणि पट्टीवर वेळ लिहावी. तत्क्षणी एकदा, अर्ध्या तासाने एकदा, चार तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा हुंगावे. प्रथम संत्रे पुढे येते. ते माघारी जाताना रोशाचा गुलाबी वास कळतो. मग देवदार आणि वाळा आपले अस्तित्व जाणवून देतात. आणि सकाळी पट्टीवर उरते ते चंदन. एकाच वेळी वारंवार हुंगू नये. नाक थकते आणि समोर असलेला वासही त्याला कळेनासा होतो. मध्ये दोन-चार मिनिटे अंगणात जाऊन यावे, म्हणजे ते पुन्हा ताजे होते.

काही खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे. हा प्रयोग वडीलधाऱ्यांसमवेतच करावा. ही तेले शुद्ध स्वरूपात फार तीव्र असतात. ती तशीच अंगाला लावू नयेत, डोळ्यांजवळ नेऊ नयेत, चाखू नयेत, आणि विस्तवापासून दूर ठेवावीत. तयार झालेले अत्तरही प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस किंचित लावून एक दिवस पाहावे. खाज सुटली किंवा कातडी लाल झाली, तर वापरू नये. खरे म्हणजे आपली जुनी रीतच सर्वांत चांगली: कापसाचा लहानसा फाया अत्तरात बुडवून तो खिशात किंवा कपड्यांच्या पेटीत ठेवावा. एका फायाला दोन दिवस मरण नाही.

येथे आपल्या भाषेतील दोन शब्दांकडे तुमचे लक्ष वेधतो. 'घमघमाट' आणि 'दरवळ'. घमघमाट अंगावर येतो. दरवळ वाऱ्यावर येतो आणि शोधावा लागतो. घमघमाट करणाऱ्या माणसाच्या आधी त्याचे अत्तर खोलीत शिरते. दरवळ मात्र तो माणूस उठून गेल्यावर जाणवतो. बाजारात 'अस्सल चंदन' म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त बाटल्या उघडताक्षणी घमघमतात. तरुणपणी एका जत्रेत अशीच एक बाटली मी पहिल्या पगारातून आईसाठी घेतली होती. आईने ती हुंगली, कौतुक केले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपले अंगठ्याएवढे खोड घेऊन सहाणेपाशी बसली. तेव्हा मला जरा वाईट वाटले. आज कळते, की तिच्या नाकाने एका क्षणात जे ओळखले, ते ओळखण्यास मला पुढे चाळीस वर्षे लागली. खरे चंदन प्रथमदर्शनी कधीच मोठ्याने बोलत नाही.

आणि हे खरे चंदन आता फार थोडे उरले आहे. शतकानुशतके वृक्ष उपटले गेले, पण तितके लावले गेले नाहीत. चोरटी तोड झाली. १८९९ मध्ये कोडगू भागात चंदनावर एक रोग आढळला. त्यात पाने लहान होत होत काट्यासारखी ताठ दिसू लागतात आणि झाड मरते. अतिसूक्ष्म जंतूंमुळे होणारा हा रोग आजही आवरलेला नाही. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या चंदनाची गणना १९९८ पासून संकटाच्या छायेतील वृक्षांत केली आहे. सारे चंदन सरकारचे, या जुन्या नियमामुळे कर्नाटकातील शेतकरी आपल्या शेतात हे झाड लावण्यास धजत नसत. २००१ मध्ये तेथील कायदा बदलला आणि जमिनीच्या मालकाला आपल्या चंदनावर हक्क मिळाला. त्यानंतर चंदनाच्या लागवडीकडे लोक वळू लागले. तोडण्यासाठी मात्र वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य.

मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारात आम्ही चंदनाचे एक रोप लावले. मुलांनी मोठ्या हौसेने भोवतालचे गवत, तण, रानरोपे उपटून जागा आरशासारखी स्वच्छ केली. रोज पाणी घातले. तरीही पाचव्या महिन्यात रोप वाळले. पुढे एका जाणत्या शेतकऱ्याने आमची चूक दाखवली: ज्यांच्या मुळांच्या आधाराने ते जगले असते, ते सारे शेजारी आम्हीच उपटून टाकले होते. पुढच्या पावसाळ्यात नवे रोप आणले, त्याच्या बुडाशी तुरीचे दाणे पेरले आणि काही अंतरावर करंजाचे झाड लावले. ते रोप जगले. आज त्याला बारा वर्षे झाली. त्याचे खोड माझ्या मनगटाहून जाड आहे. परवा शाळेत गेलो होतो, तेव्हा त्याच्या सालीला नाक लावून पाहिले. कसलाही वास आला नाही. येण्याचा काळच अजून झालेला नाही.

त्याचा गाभा भरेल तेव्हा मी नसेन. आज त्या आवारात खेळणारी मुले त्या वेळी प्रौढ झालेली असतील. माझ्या आईच्या वाट्याला आलेले खोडही असेच कोणीतरी, स्वतः त्याचा वास न घेता, वाढू दिलेल्या वृक्षाचे असले पाहिजे. म्हणून कुपीत चंदन घालताना माझा हात आपोआप सावध होतो आणि सहाव्या थेंबाशी थांबतो. ज्याला घडण्यास तीस वर्षे लागली, ते सांडून टाकण्याचा हक्क कोणालाच नाही. तुम्ही हे अत्तर अवश्य करून पाहा. आणि ते मुरत असेल त्या महिन्याभरात, जेथे जागा मिळेल तेथे, शेजाराला तूर पेरून चंदनाचे एक रोप लावा.